गाठीमुळे आतडं बंद पडलंय: आधी स्टेंट, की सरळ ऑपरेशन?

तासगाव तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. "आमचे आबा ६८ वर्षांचे. चार दिवस शौचाला झालं नाही, दोन दिवसांपासून वाराही सरत नाही, पोट ताणून फुगलंय. सांगलीत सीटी स्कॅन केलं. डाव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात, सिग्मॉइडमध्ये म्हणजे गुदाशयाच्या जरा वरच्या वळणात, गाठ आहे आणि तिथं आतडं बंद झालंय. कॅन्सरचीच शक्यता जास्त म्हणतात. लिव्हर साफ आहे. सर्जन म्हणतात आज रात्रीच ऑपरेशन करू, पोटावर शौचाची पिशवी लागेल. मिरजेचे पोटविकारतज्ज्ञ म्हणतात आधी दुर्बिणीतून स्टेंट, म्हणजे आतडं उघडं ठेवणारी जाळीची नळी, टाकू, पंधरा दिवसांनी ऑपरेशन करू, पिशवी बहुतेक टळेल. आबांना साखर आहे, जिना चढताना दम लागतो. कुणाचं ऐकायचं?"

दोघांचंही म्हणणं खरं आहे. फक्त दोघं दोन वेगळे धोके बघतायत. सर्जनना भीती आहे की वेळ गेला तर आतडं फुटेल. पोटविकारतज्ज्ञांना भीती आहे की ताणलेल्या, मळानं भरलेल्या आतड्यावर आणि साखर वाढलेल्या, दम लागणाऱ्या माणसावर अपरात्री केलेलं ऑपरेशन अंगाशी येईल. तुम्ही कळवलंय तेवढ्यावरून माझा कल आबांसाठी स्टेंटकडे आहे, पण तीन अटींवर. आतडं फुटल्याची किंवा काळं पडायला लागल्याची कसलीही खूण नको. स्टेंट टाकणारा हात सरावाचा हवा. आणि त्याच रुग्णालयात त्या वेळी सर्जन, भूलतज्ज्ञ आणि थिएटर तयार हवं. यातली एक अट जरी पुरी होत नसेल तर सर्जनचं ऐका आणि पिशवीचा बाऊ करू नका.

आता हे का म्हणतो ते सांगतो.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे बरेच रुग्ण महिनोन् महिने कुरबुर अंगावर काढून येतात. शौच बारीक होणं, दोन दिवस बद्धकोष्ठ मग एकदम जुलाब, आव पडणं, रक्त दिसणं. आपल्याकडे या सगळ्याला एकच नाव असतं, मूळव्याध. मेडिकलमधून मलम आणि चूर्ण आणून वर्ष निघून जातं. दर दहा रुग्णांमागे साधारण एकाचं निदान असं आतडं पूर्ण बंद पडल्यावरच होतं. डाव्या बाजूला हे जास्त घडतं, कारण तिथं आतड्याचा व्यास कमी, मळ घट्ट झालेला आणि गाठ बहुधा भिंतीभोवती गोल वाढत जाणारी. उजव्या बाजूला मळ पातळ असतो, जागाही ऐसपैस असते, त्यामुळे तिकडची गाठ आधी रक्त कमी करते आणि बंद पडणं उशिरा होतं.

गाठ डावीकडे असली तरी फुटण्याची भीती उजवीकडे असते, हे नातेवाइकांना पटकन पटत नाही. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथं एक झडप असते. पुष्कळांमध्ये ती इतकी घट्ट असते की मोठ्या आतड्यातलं काही मागं जाऊच देत नाही. मग एका टोकाला गाठ, दुसऱ्या टोकाला झडप, आणि मध्ये वायू व मळ साठत जातो. सायकलच्या ट्यूबमध्ये जास्त हवा भरली की जिथं रबर रुंद आणि पातळ झालेलं असतं तिथंच फुगा येतो, तसं इथं होतं. मोठ्या आतड्याचा सगळ्यात रुंद आणि पातळ भाग म्हणजे उजवीकडचा सीकम. सीटीत सीकमचा व्यास १० ते १२ सेंटीमीटरच्या घरात गेला, किंवा त्याच्या भिंतीत हवेचे बुडबुडे दिसले, तर घड्याळ फार वेगानं चालायला लागतं. म्हणून तुमच्या रिपोर्टमध्ये गाठीच्या जागेइतकीच महत्त्वाची ओळ सीकमची आहे. ती वाचून घ्या, नसेल तर रेडिओलॉजिस्टला विचारा. आणि झडप घट्ट असली की पेशंटला उलटी फार उशिरा होते. "उलटी नाही म्हणजे एवढं गंभीर नाही" हा हिशेब इथं उलटा पडतो.

स्टेंट की ऑपरेशन हा वाद सुरू असतानाच काही कामं थांबता कामा नयेत. शिरेतून भरपूर सलाइन, पोटॅशियम तपासून भरून काढणं, नाकातून नळी, लघवीची नळी आणि तासाला किती लघवी होते याची नोंद, अँटिबायोटिक, इन्सुलिनवर साखर आटोक्यात. हे पहिल्या काही तासांत नीट झालं तर पुढचा कुठलाही मार्ग सोपा जातो. तोंडावाटे जुलाबाचं काहीही द्यायचं नाही. एरंडेल नाही, चूर्ण नाही, कोलोनोस्कोपीच्या आधी देतात ते पावडरचं पाणीही नाही. पुढचं दार बंद असताना मागून लोंढा सोडला तर सीकम फुटायला वेळ लागत नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण गावाकडून येताना वाटेत कुणीतरी "पोट साफ होऊ दे" म्हणून काहीतरी पाजलेलं असतंच.

दुसरी गोष्ट निदानाची. डावीकडे आतडं बंद दिसलं म्हणजे कॅन्सरच असं नाही. सिग्मॉइडला पीळ पडतो, त्याचं चित्र वेगळं आणि उपचारही वेगळा. आपल्या भागात आतड्याचा टीबी अजून दिसतो, मात्र तो जास्त करून उजवीकडे, झडपेजवळ. आतड्याच्या भिंतीला पिशवीसारखे फुगवटे येऊन, सुजून अरुंद झालेला भागही गाठीसारखा दिसू शकतो, आणि तिथं स्टेंट टाकणं धोक्याचं. शिवाय कुठंही अडथळा नसताना मोठं आतडं नुसतंच लुळं पडून फुगतं, असंही वयस्कर पेशंटमध्ये होतं. म्हणून शिरेतून कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध) देऊन केलेलं सीटी हवं. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) थोडं वाढलेलं असलं तर डॉक्टर तोलून ठरवतील, पण साध्या एक्स-रेवर स्टेंटचा निर्णय घेऊ नये.

स्टेंट म्हटलं की लोकांना हृदयातलाच आठवतो. हा त्याहून बराच मोठा असतो. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची, नायटिनॉलची, जाळीची नळी. दाबून बारीक केलेल्या अवस्थेत ती दुर्बिणीच्या वाहिनीतून आत जाते आणि सोडली की शरीराच्या उष्णतेत आपोआप उघडत जाते. मधला व्यास साधारण २४ मिलिमीटर किंवा जास्त घेतात, लांबी अशी की गाठीच्या दोन्ही बाजूंना निदान दीड-दोन सेंटीमीटर बाहेर राहील. पेशंटला खालून एनिमा देऊन तेवढाच भाग साफ करतात. दुर्बीण गुदद्वारातून गाठीपर्यंत नेतात, गाठीतल्या बारीक फटीतून एक तार पलीकडे सरकवतात, कॉन्ट्रास्ट सोडून सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर गाठीची लांबी बघतात आणि तारेवरून स्टेंट नेऊन उघडतात. जमलं तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम. पूर्ण भूल बहुतेकदा लागत नाही. स्टेंट लगेच पूर्ण उघडत नाही, त्याला एक ते तीन दिवस लागतात, पण वारा आणि पातळ मळ बहुधा तिथंच टेबलावर सुटतो. त्या क्षणी खोलीतल्या सगळ्यांना वास सोसावा लागतो, आणि तरीही सगळे खूश असतात.

घाई करून फुग्यानं ती फट रुंद करायची नाही, त्यानं आतडं फाटण्याचं प्रमाण वाढतं. दुर्बीणही गाठीतून जबरदस्तीनं पलीकडे ढकलायची नाही. जाता जाता गाठीचा तुकडा तपासणीला घ्यावा, पण त्याच्या रिपोर्टसाठी स्टेंट अडवून ठेवायचा नाही.

स्टेंट कुठं टाकू नये हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पोट लाकडासारखं कडक झालंय, हात लावू देत नाही, ताप आणि नाडीचा वेग वाढलाय, सीटीत आतड्याबाहेर हवा आहे, तर सरळ ऑपरेशन. त्यात चर्चेला जागा नाही. गाठ गुदद्वारापासून पाचेक सेंटीमीटरच्या आत असेल तर स्टेंटचं खालचं टोक सतत टोचतं, कुंथायला होतं, मळ रोखता येत नाही, त्यामुळे तिथंही नको. तशा गुदाशयाच्या गाठीत वर पोटावर तात्पुरती पिशवी लावून मग रेडिएशन-केमो आणि नंतर ऑपरेशन, असा रस्ता असतो. उजव्या बाजूच्या गाठीत सर्जन बहुधा पहिल्याच ऑपरेशनात गाठ काढून लहान आतडं पुढच्या आतड्याला जोडू शकतात, त्यामुळे स्टेंटचा फायदा कमी आणि टाकणं अवघड. आणि आतडं अजून पूर्ण बंद झालेलं नाही, थोडा वारा सरतोय, नुसती दुर्बीण पुढं जात नाही, अशा माणसाला "पुढं बंद पडेल म्हणून आत्ताच टाकून ठेवू" हेही करू नये. त्याला लवकरची तारीख देऊन ऑपरेशनच करावं.

आबांची गाठ सिग्मॉइडमध्ये आहे, आतडं खरोखर बंद आहे, लिव्हर साफ म्हणजे आजार बरा करण्याच्या उद्देशानं ऑपरेशन होऊ शकतं. म्हणजे ते बरोबर त्या गटात बसतात ज्यावर गेली पंचवीसेक वर्षं वाद चालू आहे.

हा वाद थोडा समजून घ्या, कारण इंटरनेटवर तुम्हाला दोन्ही बाजूंचे ठाम दावे सापडतील. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये असे स्टेंट १९९०च्या दशकात सुरू झाले. आधी ज्यांचं ऑपरेशन शक्यच नाही त्यांना आराम म्हणून, मग ऑपरेशनपर्यंतचा पूल म्हणून. सुरुवातीचे अनुभव फार गोड होते. मग रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून अभ्यास झाले आणि गोडी उतरली. नेदरलँड्समधल्या २५ रुग्णालयांतला ९८ रुग्णांचा अभ्यास गुंतागुंती दिसल्यामुळे मध्येच थांबवावा लागला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी फ्रान्सचा अभ्यास आला. त्यात निम्म्याहून जास्त रुग्णांत स्टेंट बसवताच आला नाही, काहींचं आतडं फाटलं, आणि तोही थांबवला गेला. आतडं फाटलं की कॅन्सरच्या पेशी पोटात सांडतात, म्हणजे आज बरा होऊ शकणारा आजार उद्या परतून येण्याची शक्यता वाढते. मुख्य भीती हीच होती आणि आजही आहे. त्यामुळे युरोपच्या एंडोस्कोपी संघटनेनं २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं की बऱ्या होऊ शकणाऱ्या रुग्णात सरसकट स्टेंट नको, ज्यांना ऑपरेशनचा धोका जास्त, म्हणजे वय ७० च्या पुढं किंवा इतर आजार गंभीर, अशांत विचार करा.

नंतर चित्र थोडं सावरलं. इटली आणि स्पेनच्या रुग्णालयांनी मिळून केलेल्या अभ्यासात दोन्ही गटांत गुंतागुंत आणि जगण्याचं प्रमाण जवळपास सारखं आलं आणि स्टेंटच्या गटात पिशव्या कमी लागल्या. ब्रिटनमध्ये २४५ रुग्णांचा अभ्यास झाला, त्याचे सविस्तर निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्यात स्टेंटनं सुमारे ८२ टक्के रुग्णांचा अडथळा सुटला. पिशवी लागण्याचं प्रमाण तातडीच्या ऑपरेशनमध्ये दोन तृतीयांशाच्या आसपास होतं, ते स्टेंटच्या गटात निम्म्याच्या खाली आलं. पहिल्या महिन्यातले मृत्यू, रुग्णालयातले दिवस, तीन वर्षांत आजार परतणं, यांत मात्र म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. दरम्यान युरोपच्या त्याच संघटनेनं २०२० मध्ये आपली भूमिका सैल केली: डाव्या बाजूच्या, बऱ्या होऊ शकणाऱ्या गाठीत स्टेंट हा पर्याय रुग्णासमोर मांडा आणि मिळून ठरवा.

याचा तुमच्यासाठी अर्थ असा की स्टेंटमुळे आबा जास्त वर्षं जगतील असं कुणी सांगत असेल तर त्याला आधार नाही. स्टेंटमुळे कॅन्सर हमखास पसरतो असं सांगणाराही जास्तच बोलतोय. नीट टाकलेल्या, न फाटलेल्या स्टेंटचा फायदा दोन ठिकाणी आहे. पिशवी टळण्याची शक्यता वाढते, आणि ऑपरेशन रात्रीच्या आणीबाणीतून उठून दिवसाच्या ठरलेल्या यादीत येतं. तोटा असा की शंभरात पाच-सात जणांचं आतडं फाटू शकतं, काहींत तार गाठीपलीकडे जातच नाही, काहींत स्टेंट सरकतो किंवा मळानं पुन्हा भरतो. या सगळ्यांना शेवटी तातडीचं ऑपरेशनच लागतं, तेही काही तास उशिरानं.

म्हणूनच सरावाच्या हाताची अट. त्या युरोपीय सूचनांत मोठ्या आतड्याचे किमान २० स्टेंट टाकलेल्या माणसानं, किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली, हे काम व्हावं असं म्हटलंय. "डॉक्टर, तुम्ही मोठ्या आतड्याचे किती स्टेंट टाकलेत?" हे विचारायला तुम्हाला अवघड वाटेल. विचारा. पित्तनळीचे किंवा अन्ननलिकेचे शेकडो टाकलेले असतील, पण प्रश्न मोठ्या आतड्याचा आहे. सरळ उत्तर देणारा डॉक्टर रागावणार नाही. मिरजेला मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं. तेव्हापासून आसपासचे जिल्हे आणि पलीकडचा कर्नाटक उपचारासाठी इथं येतोय, त्यामुळे माणसं आणि यंत्रं मिळतात. तरी योग्य मापाचा स्टेंट कपाटात आहे, की कोल्हापूर-पुण्याहून गाडी निघाल्यावर यायचा आहे, हा व्यवहारी प्रश्न उरतोच. सीकम १२ सेंटीमीटर झालेला असताना स्टेंटच्या पार्सलची वाट बघत बसणं म्हणजे दोन्हीकडचा तोटा.

आता समजा सगळं जमलं. स्टेंट बसला, पोट उतरलं, दुसऱ्या दिवशी एक्स-रेत स्टेंट उघडलेला दिसला, आबा बसून चहा पितायत. खरी कसोटी इथून पुढं सुरू होते, आणि या टप्प्यावर आपल्याकडे जे बिघडतं ते परदेशी अभ्यासांत फारसं सापडत नाही.

माणसाला बरं वाटतं. चार दिवसांपूर्वी मरणाच्या दारात होता, आता शौचाला साफ होतंय. मग घरात बैठक बसते. कुणी म्हणतं, "झालं की बरं, आता पोट कशाला कापायचं?" कुणाच्या ओळखीत गाठ विरघळवणारा वैद्य निघतो. घरात लग्न असतं, द्राक्षाची काढणी असते, उसाची तोड आलेली असते, "ते उरकलं की ऑपरेशन" असं ठरतं. दोन आठवड्यांचे दोन महिने होतात. गाठ जिथल्या तिथं असते, वाढत असते, जाळीच्या भोकांतून आत शिरत असते, आणि धातूची कड रोज आतड्याच्या भिंतीवर घासत असते. बरा होणारा आजार असलेल्या माणसासाठी स्टेंट हा उपचार नाही. त्यानं फक्त थोडे दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत काम झालं नाही तर ते धोक्यात जमा होतात.

किती दिवस? २०१४ च्या सूचनांत ५ ते १० दिवस म्हटलं होतं, २०२० मध्ये साधारण दोन आठवडे. ताणलेलं आतडं उतरायला, भिंतीची सूज जायला आणि माणूस सावरायला एवढा काळ लागतो. त्याहून लांबवलं तर गाठीभोवती चिकटून आतडं सोडवणं अवघड होत जातं. त्यामुळे माझा आग्रह असा की स्टेंट टाकण्यापूर्वीच ऑपरेशनची तारीख आणि सर्जनचं नाव ठरलेलं असावं. तुम्ही लांब राहत असाल, जत-आटपाडीकडून येत असाल, तर शक्यतो मधल्या काळात सांगली-मिरजेतच कुणा पाहुण्यांकडे राहा. पोट पुन्हा फुगलं, जोरात दुखायला लागलं, ताप आला, तर रात्री एक वाजता गाडी शोधत बसायची वेळ येऊ नये.

या दोन आठवड्यांत करायचं काम पुष्कळ आहे. साखर आटोक्यात आणायची. रक्त कमी असेल तर शिरेतून लोह किंवा गरजेप्रमाणे रक्त. दम लागतो म्हणता, तर इकोकार्डिओग्राम आणि फुप्फुसांची तपासणी, आणि ते श्वास आत ओढून तीन गोळ्या उचलायचं यंत्र दिवसातून अनेकदा. आबा बिडी ओढत असतील किंवा तंबाखू खात असतील तर ती आजपासून बंद. रक्ताची सीईए नावाची तपासणी ऑपरेशनआधी करून ठेवायची, पुढे आजार परततोय का बघायला तिची तुलना लागते. शंभरात तीन-चार रुग्णांत मोठ्या आतड्यात दुसरीकडेही गाठ असते. आतडं मोकळं झाल्यावर ती शोधण्याची संधी मिळते, एकतर सीटीवर किंवा शक्य असेल तर दुर्बिणीनं. रात्रीच्या ऑपरेशनमध्ये ही गोष्ट राहून जाते. पिशवी लागलीच तर ती कमरेच्या पट्ट्याखाली किंवा पोटाच्या घडीत येऊ नये म्हणून तिची जागाही शांतपणे, बसवून-उठवून खूण करून ठेवता येते.

खाण्याबद्दल विचारलं नाहीत, पण विचारालच. चोथा नको. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, ताक, दही, अंडं, गाळलेलं सूप, उकडून कुस्करलेला बटाटा, दुधी. प्रथिनं भरपूर हवीत, कारण आजारपणात अंगातलं मांस झडलेलं असतं. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मोडाची कडधान्यं, शेवगा, पेरू, मक्याचं कणीस बंद. तासगावच्या माणसाला सांगणं जिवावर येतं, पण द्राक्षं आणि बेदाणेही बंद, साल आणि चोथा जाळीत अडकतो. मळ मऊ राहील असं औषध डॉक्टर लिहून देतील, ते बरं वाटलं तरी सोडायचं नाही.

मग ऑपरेशन. स्टेंट वेगळा काढावा लागत नाही, गाठीच्या तुकड्याबरोबर तोही जातो. आतडं उतरलेलं असल्यामुळे पुष्कळदा दुर्बिणीतून, लहान छेदांतून करता येतं. गाठ, दोन्हीकडचं निरोगी आतडं आणि रक्तवाहिन्यांलगतच्या लसिका ग्रंथींचा पंख्यासारखा भाग काढून आतड्याची टोकं जोडतात. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये निदान १२ लसिका ग्रंथी तपासलेल्या असाव्यात. त्या रिपोर्टवर केमोची गरज ठरते. पिशवी टळेलच याची हमी मात्र कुणी देऊ नये. जोड सुरक्षित वाटला नाही तर सर्जन ऑपरेशन चालू असतानाच ठरवून तात्पुरती पिशवी लावतील, आणि तो निर्णय त्यांच्यावरच सोडा.

सर्जन आज रात्री जे ऑपरेशन सुचवतायत ते बहुधा हार्टमनचं असेल. फ्रेंच सर्जन हार्टमन यांनी १९२१ साली ते सांगितलं, आणि शंभर वर्षं झाली तरी ते टिकून आहे, कारण आणीबाणीत ते जीव वाचवतं. गाठीचा भाग काढायचा, खालचं टोक शिवून बंद करायचं, वरचं टोक पोटावर पिशवीसाठी आणायचं. पुढे काही महिन्यांनी पुन्हा जोडता येतं. कागदावर हे सोपं, प्रत्यक्षात वयस्कर रुग्णांपैकी बऱ्याच जणांचं ते दुसरं ऑपरेशन कधी होतच नाही. केमो चालू असते, तब्येत साथ देत नाही, किंवा माणूसच म्हणतो आता नको. तात्पुरती म्हणून लावलेली पिशवी कायमची होण्याची शक्यता धरूनच निर्णय घ्या.

एक तिसरा रस्ता आहे, तो दोघांनीही सांगितलेला दिसत नाही. गाठीला हात न लावता, छोट्या छेदातून वरच्या आतड्याचं तोंड पोटावर आणून फक्त पिशवी लावायची, फुगा उतरवायचा आणि दोन-चार आठवड्यांनी गाठीचं ऑपरेशन करायचं. यानंही वेळ मिळतो, गाठ फाटण्याचा धोका नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणचा चांगला सर्जनही हे करू शकतो. पिशवी लागते खरी, पण ही बंद करणं हार्टमननंतरच्या जोडणीपेक्षा पुष्कळ सोपं. सरावाचा स्टेंटवाला हाताशी नसेल तर मी हा पर्याय हार्टमनच्या आधी चर्चेला घेईन. जुनी पद्धत म्हणून ती मागं पडली होती, आता पुन्हा तिच्याकडे लक्ष जातंय.

पिशवीची भीती मी कमी लेखत नाही. सोवळं-ओवळं, देवपूजा, पंगतीत बसणं, शेजारच्याला वास येईल का, या गोष्टी आबांच्या वयाच्या माणसाला ऑपरेशनपेक्षा जड वाटतात. नीट बसलेली पिशवी वास देत नाही, कपड्याखाली दिसत नाही, आणि तिच्यासकट माणसं शेतात जातात, एसटीनं फिरतात. तरीही आबांना ती नकोच असेल तर ती त्यांची इच्छा निर्णयात धरायची. मात्र ती त्यांच्याच तोंडून ऐका. तुमच्या पत्रात तुमचं मत आहे, दोन डॉक्टरांचं आहे, आबांचं कुठं नाही. त्यांना "आतड्याला सूज आहे" एवढंच सांगितलेलं असेल तर आधी ते दुरुस्त करा.

हेही लक्षात ठेवा की लिव्हरमध्ये किंवा फुप्फुसात आजार पसरलेला असता तर माझं उत्तर वेगळं आलं असतं. तिथं स्टेंट हा आराम देणारा पहिला पर्याय ठरतो आणि केमो लवकर सुरू करता येते. फक्त बेव्हासिझुमॅबसारखी, गाठीचा रक्तपुरवठा तोडणारी औषधं देणार असतील तर स्टेंट आतडं फाडण्याचा धोका वाढतो. ते कॅन्सरतज्ज्ञाला आधीच सांगावं लागतं.

पैशाचं. स्टेंट स्वस्त नाही आणि नंतरच्या ऑपरेशनचा खर्च वेगळाच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया येतात, पण तुम्ही आहात त्या रुग्णालयात, या स्टेंटसाठी मंजुरी मिळते का, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून आजच लेखी करून घ्या. रेशनकार्ड आणि आधार घरी राहिलं असेल तर कुणाला तरी आत्ताच निघायला सांगा. तातडीच्या केसमध्ये आधी उपचार आणि कागदपत्रं मागाहून, अशी सोयही असते, तीही विचारा.

तर आज रात्री करायचं ते असं. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला सांगा, तुम्ही मध्ये निरोप्या होऊ नका, निरोपात निम्मं सांडतं. सीटीची सीडी सोबत घ्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही. सीकमचा आकडा विचारा. स्टेंट कोण टाकणार, तो बसला नाही किंवा आतडं फाटलं तर तासाभरात ऑपरेशन कोण करणार, आणि सगळं सुरळीत झालं तर ऑपरेशन कोणत्या तारखेला, याची उत्तरं नावासकट मिळाली तर मिरजेला जा. "बघू, नंतर ठरवू" असं उत्तर आलं तर सांगलीच्या सर्जनकडेच थांबा. आणि जाणार असाल तर सलाइन आणि नाकातली नळी चालू ठेवून रुग्णवाहिकेतून जा. स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर आडवं करून नेऊ नका.